एकादशीचं पाणी

दादाने बोट का विकली, असं कोणी विचारलं तर आम्ही घरची सगळी एकच उत्तर देतो. खाऱ्या पाण्यात इंजिन टिकत नाही. ते खोटं नाही, पण खरं कारण एका रविवारचं आहे. त्या रविवारी बाबांचं चुकलं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. मला विचाराल तर त्यांच्याहून जास्त माझं चुकलं, कारण मला माहीत होतं.

आम्ही भाईंदर पूर्वेच्या खारी गावचे. गावाच्या चारी बाजूंनी आता इमारती उठल्यात, आणि आमचं घर होतं तिथेही एक उठलीय. तिच्या दुसऱ्या मजल्यावर दादा, वहिनी आणि बाबा राहतात. मी लग्न होऊन भाईंदर पश्चिमेला आले ती तिथेच आहे. आमच्यात बापाला अरे-तुरे करतात. लिहिताना मात्र माझा हात आपोआप ‘बाबांनी’ असंच लिहितो. तीस वर्षं बँकेत काढल्यावर दुसरं काय होणार!

बाबांचा जन्म गेला मिठागरावर. आम्ही त्याला नुसतं आगर म्हणतो. खाडीच्या काठाला, डोंगरीच्या बाजूला आमचा आगर होता. मीठ पिकवायचं तर आधी भरतीचं पाणी आत घ्यावं लागतं. बांधाला दगडी खांबांत बसवलेली लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. पाणी नेमकं भरलं की उघाडी उघडायची, उतरायला लागायच्या आत बंद करायची. वेळ हुकली तर मोठ्या भरतीसाठी पुन्हा पंधरवडाभर तोंड बघत बसायचं. घड्याळ आगरावर कोणाकडेच नव्हतं. हिशोब तिथीवर चालायचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. बाबा शाळेत फारसे गेले नाहीत, पण पाऊणकी त्यांना झोपेत पाठ होती.

आगरावर एक रीत होती. जाणत्या माणसाने पाणी सांगितलं की ते त्याला पुन्हा विचारायचं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर पाणी रुसतं, असं आई म्हणायची. मला वाटतं त्यात पाण्याच्या रुसण्यापेक्षा माणसाच्या रुसण्याची काळजी जास्त असावी. पण रीत ती रीत. आगर बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी आमच्या घरात बाबांना पाण्याची वेळ दोनदा विचारायची कोणाची छाती नव्हती.

दिवाळीच्या आधी एक गोष्ट घडली होती. बाबा रोज सकाळी एकटेच फिरायला निघायचे. रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला यायचे, खाडीवर जाऊन बसायचे, मग माझ्याकडे चहा घेऊन परत जायचे. त्या दिवशी अकरा वाजले तरी आले नाहीत. मग शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका गुजराती बाईंचा फोन आला, “आपके पापा हमारे यहाँ बैठे हैं.” मी धावत गेले. बाबा त्यांच्या सोफ्यावर चहा पीत बसले होते. मला बघून म्हणाले, “सोफा कवा बदलला, बाय?”

मी ते कोणाला सांगितलं नाही. दादाला कळलं असतं तर त्याने दुसऱ्याच दिवशी बाबांचं एकट्याने फिरणं बंद केलं असतं. गुडघे गेले, एक कान गेला, आई गेली, आगर गेला. एकटं फिरणं तेवढं त्यांचं स्वतःचं उरलं होतं. ते मी त्यांच्याकडून काढून घेणार नव्हते आणि कोणाला घेऊ देणारही नव्हते. म्हणून मी गप्प बसले. गप्प बसण्यात मी फार मोठं काही करतेय असंही मला तेव्हा वाटत होतं.

दादाचा लाद्यांचा धंदा आहे. साठी आली तशी त्याला हौस सुचली आणि मित्राबरोबर भागीदारीत त्याने एक जुनी फायबरची मोटरबोट घेतली. सहा माणसांची, वर निळं छत, मागे इंजिन. दादा तिला यॉट म्हणायचा, वहिनी टब म्हणायची. थंडीचे दिवस होते, समुद्र शांत होता, म्हणून दादाने रविवार ठरवला. सकाळी निघायचं, खाडीच्या तोंडातून बाहेर पडायचं, उत्तनपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि दुपारपर्यंत परत. माझ्या नवऱ्याला जत्रेतल्या पाळण्यात बसलं तरी मळमळतं, तो आला नाही. आम्ही चौघंच निघालो.

जेट्टीवर आठाला पोहोचलो. पाणी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला टेकलं होतं. आता ह्याहून वर यायला जागाच नव्हती. बाबांनी धोतराचा सोगा सावरला, बोटीत बसले आणि दादाला म्हणाले, “आज पुनव हाय. पानी बाराला भरल. बारापावत चढनार. आरामात जाऊ.”

त्या दिवशी एकादशी होती. सकाळी दूध तापवताना कॅलेंडर माझ्या नाकासमोर होतं. एकादशी म्हणजे अकराची पाऊणपट, सव्वाआठ. म्हणजे पाणी आताच भरलं होतं आणि थोड्या वेळाने उतरायला लागणार होतं. पण मी दचकले ते तिथीमुळे नाही. तिथी कोणाचीही चुकते. जो माणूस पायरीकडे एक नजर टाकून पाणी किती घटका राहील ते सांगायचा, त्याने पायरीकडे बघितलंच नव्हतं.

मी वहिनीकडे बघितलं. ती पिशवीची चेन लावत होती. दादाकडे बघितलं. तो मोबाइल खिशात ठेवत होता. ह्यांना काही कळलेलं नाही, बरं झालं, असं मी मनात म्हटलं. तोंडापर्यंत आलेलं गिळून टाकलं. बाराच्या आत परत येऊ, मध्ये खाडीला भरपूर पाणी असतं, काही होणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली. आणि लाइफ जॅकेटच्या पट्ट्या आवळत बसले.

दोन-अडीच तास मजेत गेले म्हणायला हरकत नाही. उजव्या हाताला वसईचा किल्ला, डाव्या हाताला डोंगरी. खाडी संपून समुद्र लागला तशी बोट लाटांवर हळूहळू वरखाली व्हायला लागली. उत्तनच्या समोर दादाने इंजिन बंद केलं. होड्यांवरच्या झेंड्यांची फडफड तेवढी ऐकू येत होती. वहिनीने थर्मास काढला. बाबा जॅकेट घालायला तयार नव्हते, “मना पवता येतंय,” म्हणाले, आणि तिने न बोलता ते त्यांच्या खांद्यावर शालीसारखं टाकलं. दादाने जुनी गाणी लावली. बाबांनी बोटं बुडवून पाणी चाखलं आणि म्हणाले, ह्या पाण्याचं मीठ चांगलं पडलं असतं. इतके खूश ते आई गेल्यापासून दिसले नव्हते. मी मात्र दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. 

परत खाडीत शिरलो तेव्हा पावणेबारा होत आले होते. सरळ मधून जेट्टी गाठायची एवढंच काम होतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, “आपली उघाडी बगून जाऊ.”

दादाने इंजिन मंद केलं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. उघाडी म्हणजे काठच्या खारफुटीत, तिवरांत आत शिरायचं. तिथे पाण्याच्या अरुंद वाटा आहेत, भरतीला भरतात, ओहोटीला नुसता चिखल. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, “पानी चढतंय. जा तू.” आणि दादाने बोट वळवली. मी बसल्या जागी ताठ झाले. आता बोल, आता तरी बोल, असं मन म्हणत होतं. पण आधी गप्प बसलेल्या माणसाला नंतर बोलणं फार जड जातं. सकाळीच का नाही सांगितलंस, हा प्रश्न पहिला आला असता.

आत शिरल्यावर बाबा उभे राहिले. एक हात छताच्या दांडीला, दुसऱ्या हाताने इशारे. डावीकडे, आता सरळ, आता ह्या तिवराला चिकटून, आता उजवीकडे. चार-पाच वळणं त्यांनी अशी काढून दिली की बोटीला एक फांदी लागली नाही. मला रडू यायला लागलं. वाटलं, ह्या माणसाला काय झालंय? काही झालेलं नाही. आणि मग ते दोन दगडी खांब दिसले. झडप कधीच कुजून गेली होती, पण खांब उभे होते. “तुजी आई हितं बसून भाकर खायाची,” बाबा दादाला म्हणाले. आम्ही तिकडे बघतोय तोवर बोटीखालून खरवडल्यासारखा आवाज आला आणि बोट थांबली.

दादाने इंजिन उलटं फिरवलं. काळा चिखल उसळून वर आला, बोट तसूभर हलली नाही. तो खाली उतरला, मांडीपर्यंत रुतला, ढकलून ढकलून लाल झाला आणि एक चप्पल चिखलाला देऊन परत चढला. अर्ध्या तासात आमच्या चहूकडचं पाणी निघून गेलं. बोट एका अंगावर कलंडली. चिखलावर निवट्या मासोळ्या उड्या मारायला लागल्या, आमच्यासाठीच खेळ मांडल्यासारख्या. चालत काठ गाठायचा प्रश्नच नव्हता. त्या चिखलात तरणा माणूस अडकतो, तिथे बाबांना कुठे नेणार? वहिनीने जेट्टीवरच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, पाणी आल्याशिवाय कोणाचीच होडी तिथे येणार नाही, संध्याकाळपर्यंत बसून राहा.

बाबा चिखलाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, “पानी का उतरतंय?”

लहान मूल विचारतं तसं विचारलं. 

“वारा असेल बाबा,” दादा म्हणाला. “वाऱ्याने पाणी मागे सरतं कधी कधी.”

“हो, होतं तसं,” वहिनी म्हणाली.

आणि मी सगळ्यांवर कडी केली. “खाडीत किती भराव टाकलेत आता. पहिल्यासारखा हिशोब लागत न्हाय, बाबा.”

खाडीत वारा नव्हता. तिवराचं पान हलत नव्हतं. बाबांनी तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं आणि बसले. एकाच बोटीत बसून आम्ही तिघं तीन थापा मारत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्या दोघांनी बाबांवर खरंच विश्वास ठेवलाय.

एक वाजला. भूक कोणाला नव्हती, पण काहीतरी करायचं म्हणून वहिनीने डबे काढले. आम्हाला चपात्या आणि वालाची भाजी. तिने स्वतःचा छोटा डबा उघडला आणि बाबांची नजर त्यात गेली. साबुदाण्याची खिचडी होती.

“उपास कसला?” बाबांनी विचारलं.

वहिनीचा हात थांबला. ती खोटं बोलू शकली असती. पण उपासाच्या बाबतीत तिची जीभ खोटं बोलायला वळत नाही. “एकादशी,” ती हळूच म्हणाली.

बाबांचे ओठ हलायला लागले. मग त्यांनी मोठ्याने म्हटलं, “अकराची पाऊनपट सवाआठ.” अगदी बरोबर म्हटलं, क्षणभरही अडखळले नाहीत. “म्हंजी पानी सवाआठलाच भरला. आपुन निगालो तवाच.” मग ते वहिनीला म्हणाले, “साबुदाना तू रातीच भिजत घातलास. म्हंजी तुला म्हाईत होता.”

वहिनीने मान खाली घातली. बाबांनी दादाकडे बघितलं. दादाने खिशातून मोबाइल काढून नुसताच हातात धरला. त्याने भरतीची वेळ जेट्टीवरच बघितली होती, हे मला त्या क्षणी कळलं. मग बाबांनी माझ्याकडे बघितलं.

“कॅलेंडर बगितला होता मी,” मी म्हटलं.

मला वाटलं ते भडकतील. आमचा बाप भडकला की अख्खी आळी जागी व्हायची. ते भडकले असते तर किती बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “कवापासना?”

प्रश्न तिथीचा नव्हता, हे चौघांनाही कळलं. मी सोफ्याची गोष्ट सांगितली. वहिनीने सांगितलं, गणपतीत त्यांनी आरतीच्या मध्येच तिला विचारलं होतं, ही माणसं कोण आलीत. दादाने सांगितलं की त्याच्याही आधी, पावसाळ्यात, बाबा दुकानात आले आणि त्याला शेठ म्हणून हाक मारून लाद्यांचा भाव विचारला. त्याला वाटलं गंमत करतायत. मग कळलं की नाही. तिघांकडे एकेक गोष्ट होती, तिघांनी ती एकमेकांपासून लपवली होती, आणि आता ज्याच्यापासून सगळ्यात जास्त लपवायची तोच समोर बसून ऐकत होता. माणसाला मध्ये बसवून त्याची मौज बघतात तसं झालं ते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही.

बाबांनी सगळं ऐकलं. खांद्यावरचं जॅकेट काढून बाजूला ठेवलं. “आगरावर कोन चुकला तं आमी आयमाय काढून सांगाचो,” ते म्हणाले. “पानी कुनाची लाज ठेवत न्हाय. मना सांगाचा. त्वांडावर सांगाचा.”

“सांगू बाबा,” दादा म्हणाला. 

“माज्या मागं नको.”

“न्हाय.”

त्यानंतर तीन-साडेतीन तास आम्ही त्या कलंडलेल्या बोटीत बसलो. ऊन छतावरून सरकत एका बाजूने आत आलं. वहिनीने तिची खिचडी बाबांना दिली, त्यांनी चार घास खाल्ले.  मला खरं सांगायचं तर हलकं वाटत होतं. चला, आता लपवाछपवी संपली, डॉक्टरकडे जाऊ, औषध सुरू करू, फिरायला जाताना कोणीतरी बरोबर जाईल, त्यात काय एवढं. मी मनातल्या मनात याद्या करायला लागले होते. बँकेची सवय.

साडेचारला पाणी परत दिसलं. आधी चिखलाच्या भेगांतून ओल सरकली, मग बारीक धार, मग सगळीकडून. पाचला बोट सरळ झाली आणि थोड्या वेळाने तरंगली. दादाने इंजिन चालू केलं. पाण्याने चिखल झाकून टाकला होता. येतानाच्या वाटा आता वाटा राहिल्या नव्हत्या. तिवरांच्या मध्ये जिकडे बघावं तिकडे तेच गढूळ पाणी. कुठे पुरुषभर खोल आणि कुठे वीतभर, वरून काही कळत नव्हतं. मोबाइलच्या नकाशावर तर नुसता निळा रंग.

“बाबा, कुठून काढू?” दादाने विचारलं. जन्मभर विचारत आला तसं.

बाबा उभे राहिले. दांडीला हात धरला आणि दुसरा हात न डगमगता पुढे केला. तो हात मावळतीकडे होता. तिकडे समुद्र होता. घर पाठीमागे होतं, लांबवर खाडीवरच्या पुलाचे खांब दिसत होते.

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनीने पुलाकडे.  शब्द देऊन चार तास झाले नव्हते.

“न्हाय बाबा,” मी म्हटलं. “तिकडं न्हाय.”

पाण्यावर उभं राहून बाबांना नाही म्हणायची ती माझी पहिली वेळ. त्यांनी हात खाली घेतला. ते रागावले नाहीत, खट्टूही झाले नाहीत. मी सांगेन म्हणून ते माझ्याकडे वळले.

“बरा,” ते म्हणाले. “मंग कुटं, बाय?”

मी तिवरांकडे बघितलं. दादाकडे बघितलं. पूल दिसत होता, पण तिथवर पाणी कुठून खोल आहे ते मला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. त्या खाडीच्या काठी आमचा जन्म गेला, पण वाट आम्ही कधी शिकलोच नाही, कारण बाबा होते. ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. दादाने इंजिन बंद केलं.